घोयऱ्याची मादी जमिनीवर का उतरते?

भातकापणीच्या दिवसांत मालवणजवळच्या एका वाडीत मी घोयरा, म्हणजे रंग बदलणारा शॅमेलिऑन, पहिल्यांदा जमिनीवर पाहिला. त्याआधी तो नेहमी झाडावरच दिसलेला. काजूच्या नाहीतर करवंदीच्या फांदीला धरून बसलेला, पानांत मिसळलेला, शोधून शोधून सापडणारा. त्या दिवशी मात्र तो लाल मातीच्या वाटेवर उघड्यावर चालत होता. एक पाऊल उचलायचं, थांबायचं, अंग मागेपुढे डुलवायचं आणि मग ते पाऊल टाकायचं. वाट जेमतेम चार हात रुंद होती, पण ती ओलांडायला त्याला काही मिनिटं लागली. शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "हात लावू नको गो बाय, विखारी आसता ता."

तो विखारी नव्हता आणि नीट पाहिलं तर 'तो'ही नव्हता. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं होतं आणि कातडीखाली लहान लहान उंचवटे दिसत होते. अंड्यांनी भरलेली मादी होती ती. एरवी हा जीव पाऊस असो, ऊन असो, फांदीवरच जेवतो आणि फांदीवरच झोपतो. जमिनीवर त्याला ना पळता येतं ना लपता येतं. तरीही ती उतरली होती, कारण अंडी झाडावर घालता येत नाहीत. ती मातीत पुरावी लागतात.

त्या दिवसापासून घोयऱ्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. रंग बदलणारा, डोळे फिरवणारा, जीभ फेकणारा प्राणी म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याच्या जगण्यातला सर्वांत विलक्षण भाग कुणाच्या नजरेस पडत नाही, कारण तो जमिनीखाली घडतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीतला सरडा वेगळा. तो आपल्या अंगणातला, कुंपणावर बसून मान हलवणारा, विणीच्या काळात ज्याच्या नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो तो बागेतला सरडा. घोयरा म्हणजे खरा शॅमेलिऑन. काही भागांत त्याला सरडगुहिराही म्हणतात. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आहे, आणि तीच श्रीलंकेतही सापडते. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. बाकी बहुतेक गणगोत आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये. जगात शॅमेलिऑनच्या २०० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर राहतात. त्यामुळे आपल्या घोयऱ्याची गोष्ट सांगताना मला अधूनमधून तिकडे जावं लागेल. शिवाय सर्वांत बारकाईने अभ्यास झालाय तो येमेन आणि सौदी अरेबियातल्या एका जातीचा. तिच्या डोक्यावर उंच तुरा असतो. सोयीसाठी तिला येमेनी शॅमेलिऑन म्हणू.

आधी होकार, मग रंगाची पाटी

शॅमेलिऑन एकलकोंडा. नर नराला सहन करत नाही आणि वर्षातला बराच काळ मादीही नराला जवळ येऊ देत नाही. विणीच्या हंगामात नर मादीला शोधत फिरतो आणि ती दिसली की अंगावरचे सगळे रंग उजळवतो. हे रंग कातडीत ओतल्यासारखे चढतात, असं वाटतं खरं, पण यंत्रणा वेगळी आहे. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की त्याच्या कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळसर प्रकाश परत फेकतात. तो चेतला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा-तांबडा प्रकाश परतू लागतो. शांत वेळचा तो निळा प्रकाश कातडीतल्या पिवळ्या रंगद्रव्यातून आला की आपल्याला हिरवा भासतो.

नराच्या रंगांची चर्चा पुष्कळ होते. मला मादीचे रंग जास्त बोलके वाटतात, कारण ती त्यांतून अगदी नेमकी गोष्ट सांगते. येमेनी शॅमेलिऑनची मादी जोडीला तयार असते तेव्हा तिच्या हिरव्या अंगावर फिकट निळे ठिपके उमटतात. नर मान हलवत, झटके देत तिच्याकडे येतो. ती पळून न जाता सावकाश पुढे चालू लागली की तो होकार समजायचा. नको असेल तर ती त्याच्याकडे तोंड वळवून जबडा उघडते, फिस्कारते, अंग डोलवते, गडद होते. नराने तरीही हट्ट केला तर चावते.

मीलन काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात उरकतं. सरडे आणि साप यांच्या नरांना दोन जननेंद्रियं असतात, त्यांना अर्धशिश्न म्हणतात. ती शेपटीच्या मुळाशी आत दुमडलेली असतात आणि एका वेळी एकच वापरलं जातं. म्हणूनच नराच्या शेपटीचं मूळ मादीपेक्षा फुगीर दिसतं. आपल्या घोयऱ्यात नर ओळखायची आणखी एक खूण आहे. मागच्या पायाच्या टाचेशी त्याला बारीकसं काट्यासारखं टोक असतं.

नर-मादीच्या आकारातलं अंतर काय करू शकतं, याचं एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही. २०२१ साली उत्तर मादागास्करमधल्या ब्रुकेसिया नाना या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिच्या नराचं शरीर शेपूट सोडून १३.५ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या टोकावर मावेल एवढं. मादी मात्र १९ मिलिमीटरच्या वर. आणि नराचं अर्धशिश्न त्याच्या शरीराच्या लांबीच्या जवळपास १८ टक्के निघालं. अभ्यासकांचा अंदाज असा की अंडी पोटात मावायची तर मादीला फार लहान होता येत नाही. नर लहान होत गेला, पण मादीशी जुळायचं तर त्याचं हे एक इंद्रिय लहान होऊन चालणार नव्हतं. त्या मादीच्या पोटात क्ष-किरण तपासणीत दोन अंडी दिसली. एवढ्याशा देहात दोनच.

मीलन झालं की मादीचा रंग फिरतो. येमेनी मादी गडद होते आणि तिच्यावर पिवळे-निळे ठिपके ठळक उठतात. पँथर शॅमेलिऑनची मादी एरवी फिकट गुलाबी-तपकिरी, ती काळपट होते आणि अंगावर नारिंगी पट्टे येतात. म्हणजे दाराला पाटीच लागली. दुरून येणाऱ्या नराला ती पाटी वाचता येते. यात दोघांचाही जीव वाचतो. पोटात अंडी घेऊन मादीला नराशी झटापट परवडणारी नसते, आणि नरालाही नकार आधीच कळला तर पुढच्या फांदीचा रस्ता धरता येतो.

आणखी एक सोय तिच्याकडे असते. नराचे शुक्राणू ती शरीरात राखून ठेवू शकते. येमेनी मादी एका मीलनानंतर पहिली अंडी घालते आणि पुढे नराची भेट न होताही फलित अंड्यांची दुसरी खेप घालू शकते. जो प्राणी इतका सावकाश चालतो आणि इतका विखुरलेला राहतो, त्याला पुन्हा जोडीदार भेटेलच याचा काय भरवसा? ही शिदोरी अशा वेळी कामी येते.

पोट भरलं, आता जागा शोधायची

येमेनी मादी मीलनानंतर साधारण २० ते ३० दिवसांत अंडी घालायला तयार होते. इतर जातींत हा काळ कमीजास्त असतो. पोटातली अंडी वाढत जातात तशी इतर अवयवांना जागा उरत नाही. शेवटच्या दिवसांत ती खाणं सोडते, पाणी मात्र पिते. मग तिला चैन पडत नाही. फांदीवरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

आपल्या घोयऱ्याची मादी पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला उतरते. महिना किती अचूक आहे पाहा. चार महिन्यांच्या पावसाने माती मऊ आणि आतून ओलसर असते, पण आता तिच्यात पाणी साचत नाही. दोन महिने आधी खणलं तर बीळ पाण्याने भरेल आणि अंडी कुजतील. दोन महिन्यांनी खणायला गेली तर जमीन दगड झालेली असेल.

आता तिचे पाय डोळ्यांसमोर आणा. शॅमेलिऑनची पाच बोटं दोन जुडग्यांत बांधलेली असतात, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन. अगदी चिमट्यासारखी. फांदी धरायला याहून चांगलं हत्यार नाही, पण माती उकरायला याहून गैरसोयीचं हत्यारही नसेल. त्याच चिमट्यांनी तिला बीळ खणायचं असतं. पुढच्या पायांनी ती माती सोडवते, मागच्या पायांनी मागे ढकलते, डोकं आत घालून हळूहळू तिरकी खाली जाते. दगड लागला, मूळ आडवं आलं, माती फार कोरडी निघाली तर ती बीळ अर्धवट सोडते आणि दुसरीकडे सुरुवात करते. अशी दोन-तीन अर्धवट बिळं करून मग एक पुरं करणं हे नेहमीचंच.

बीळ केवढं? तिच्या अंगाएवढं तरी लांब आणि बहुतेकदा वीतभर खोल. वरच्या दोन-चार बोटं मातीत दुपारी भाजतं आणि रात्री गार होतं. वीतभर खाली गेलं की दिवसरात्रीचा फरक जवळजवळ पुसला जातो आणि ओल टिकते. आंब्याची अढी घालणाऱ्याला किंवा बियाणं राखणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

बिळाच्या तळाशी ती अंग वळवते आणि शेपटीकडची बाजू आत करून अंडी घालते. आपल्या घोयऱ्याची अंडी साधारण १० ते ३०, तर येमेनी मादी ३० ते ६० आणि कधी त्याहूनही जास्त घालते. अंडं पांढरं, लांबट, शेंगदाण्याहून थोडं जाडजूड. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. ते चिवट, कातड्यासारखं असतं, बोटाने दाबलं तर दबेल असं. या मऊपणाला मोठं काम आहे, ते पुढे सांगते.

अंडी घालून झाली की निघून जायचं असं नाही. ती बीळ बुजवते. माती आत ओढते, पायांनी दाबते, पुन्हा ओढते, पुन्हा दाबते. वरचा भाग आजूबाजूच्या जमिनीसारखा दिसेपर्यंत हे चालू राहतं. काही माद्या पालापाचोळाही वर ओढतात. सगळं मिळून कित्येक तास जातात, क्वचित दुसरा दिवसही उजाडतो. बाहेर येते तेव्हा अंगावर माती, डोळे खोल गेलेले, कुशी आत बसलेल्या. मग ती झाडाकडे परत फिरते. त्या अंड्यांशी तिचा संबंध इथे संपतो. ती राखण करत नाही, परत येऊन पाहत नाही. तिने करायचं ते सगळं त्या एका बिळात केलेलं असतं.

कधीकधी अंडी पोटातच अडकतात. खणायला जागा मिळाली नाही, अंगात कॅल्शियम कमी पडलं, पाणी कमी पडलं, अंडी फार मोठी झाली, तर ती बाहेर पडत नाहीत आणि मादी दगावते. अमेरिकेत आणि युरोपात येमेनी शॅमेलिऑन घरी पाळतात. तिकडच्या मराठी घरांतही एखादा असू शकतो, म्हणून हे सांगते. नर नसला तरी मादी अंडी घालते. पोल्ट्रीतली कोंबडी कोंबड्याशिवाय घालते तशीच. त्यामुळे एकटी मादी पाळणाऱ्यालाही पिंजऱ्यात वीतभर खोल, ओलसर, बिळाचा आकार धरून राहील अशी वाळू-माती ठेवावीच लागते. फार खाऊ घातलेली मादी जास्त अंडी धरते आणि त्या ओझ्याने लवकर झिजते. आपल्याकडचा घोयरा मात्र पाळायचा नाहीच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला पकडणं, ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे.

मातीखालचा मुक्काम

आता खऱ्या नवलाकडे येऊ.

बागेतला सरडाही मातीतच अंडी घालतो. त्याची पिल्लं सहा-सात आठवड्यांत बाहेर येतात. घोयऱ्याच्या अंड्यांना मात्र महिनेच्या महिने लागतात. येमेनी शॅमेलिऑनच्या अंड्यांना सहा ते नऊ महिने, आणि मादागास्करच्या पार्सन शॅमेलिऑनच्या अंड्यांना तर दीड-दोन वर्षं. हत्तीच्या गर्भाएवढा काळ मांजरापेक्षाही लहान प्राण्याच्या अंड्यात जातो. एवढा वेळ आत काय चालतं?

बराच काळ काहीच चालत नाही.

बहुतेक सरडे अंडी घालतात तेव्हा आतला गर्भ बऱ्यापैकी पुढे गेलेला असतो. हातापायांचे कोंब दिसू लागलेले असतात, वाढीचा जवळपास एक तृतीयांश रस्ता आईच्या पोटातच कापलेला असतो. शॅमेलिऑनची गोष्ट निराळी. त्याचं अंडं मातीत पडतं तेव्हा आत पेशींची एक बारीक चकती असते, तिचे थरसुद्धा धड पडलेले नसतात. डोकं नाही, हृदय नाही, पाय तर फार दूर. आणि ती चकती त्याच अवस्थेत थांबून राहते. येमेनी शॅमेलिऑनमध्ये हा थांबा साधारण दोन महिन्यांचा असतो. शास्त्रज्ञ त्याला डायापॉज म्हणतात.

ज्यांच्या घरी कोंबड्या असतात त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कोंबडी रोज एक अंडं घालते. ती आठ-दहा दिवस टोपलीत जमवली तरी बिघडत नाहीत. खुडूक कोंबडी रवणीला बसवली की सगळी एकदम सुरू होतात आणि पिल्लं एकाच दिवशी, फार तर पुढेमागे एका दिवसाने फुटतात. ऊब मिळेपर्यंत आतला गर्भ थांबून राहिलेला असतो. घोयऱ्याच्या अंड्यांवर कोणी बसत नाही. त्यांची ऊब ऋतूकडून येते.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या रॉबिन अँड्र्यूज यांनी येमेनी शॅमेलिऑनच्या अंड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या कामातून जे पुढे आलं ते साधं आणि सुंदर आहे. गारवा आणि त्यामागून येणारी ऊब ही अंड्याला मिळणारी खूण असते. थंडी सरून जमीन तापू लागली की थांबलेले गर्भ वाढायला लागतात. आपल्याकडच्या वर्षावर हे बसवून पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरलेली अंडी पौष-माघाच्या थंडीत निपचित, फाल्गुनापासून जमीन तापते तशी जागी होणारी, वैशाखाच्या उन्हाळ्यात भराभर वाढणारी, आणि मृगाच्या आगेमागे फुटायला तयार. पिल्लू बाहेर येतं तेव्हा पावसाने किडे-मुंग्या-माश्यांचा सुकाळ केलेला असतो. हेच पिल्लू जानेवारीत बाहेर पडलं असतं तर त्याच्या तोंडात मावेल एवढा किडाही त्याला क्वचितच मिळाला असता.

थांबायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक प्राण्याने आपापल्या परीने सोडवलाय. बेडूक मातीत शिरून झोपतो, पक्षी दुसऱ्या मुलखात जातात. शॅमेलिऑनने वाईट दिवस जन्माआधीच काढायचं ठरवलं.

याचं टोक पाहायचं तर मादागास्करच्या नैऋत्येकडच्या कोरड्या रानात जायला हवं. तिथे लाबोर्डचा शॅमेलिऑन राहतो. २००८ साली क्रिस्टोफर कार्स्टन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडला तेव्हा प्राणीशास्त्रातल्या भल्याभल्यांना धक्का बसला. नोव्हेंबरात पहिल्या पावसाबरोबर सगळी पिल्लं एकदम फुटतात. दोन महिन्यांत वयात येतात. जोड्या जमतात, माद्या अंडी पुरतात, आणि पावसाळा संपता संपता मोठे सगळे मरून जातात. अंड्याबाहेरचं आयुष्य चार-पाच महिने, अंड्यातलं आठ-नऊ महिने. कोरड्या ऋतूत त्या रानात या जातीचा एकही चालता-बोलता प्राणी नसतो. सगळी जात मातीखाली अंड्यांच्या रूपात. नंतर मादागास्करमधल्याच किरिंडीच्या जंगलात काही माद्या जरा जास्त जगताना दिसल्या, पण मूळ हिशेब तोच राहिला. आपल्या रानात तेरड्याचं असंच असतं. श्रावणात डोंगर रंगवतो आणि पुढचे आठ महिने फक्त बियांत असतो. हाडांचा, चार पायांचा, डोळे फिरवणारा प्राणी तेरड्यासारखं जगतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

कवचाचं सांगायचं राहिलंय. मातीतली ओल ते मऊ कवच शोषून घेतं. अंडं घातलं तेव्हा जेवढं असतं त्याहून ते महिन्यागणिक फुगत जातं, आणि फुटायच्या वेळेपर्यंत त्याचं वजन दुपटीच्याही पुढे गेलेलं असू शकतं. म्हणजे आईने दिला तो बलक आणि थोडं पाणी. बाकीचं पाणी पिल्लू जमिनीकडून घेतं. माती फार कोरडी पडली तर अंड्याला खळगे पडतात आणि आतला जीव सुकतो. फार ओली झाली तर बुरशी लागते. ऑक्टोबरातल्या त्या मादीने तीन बिळं अर्धवट सोडली तर का सोडली, याचं उत्तर इथे आहे.

एक समज इथेच दूर करते. मगर आणि कासव यांच्या अंड्यांत मातीच्या तापमानावर नर की मादी ते ठरतं, म्हणून शॅमेलिऑनचंही तसंच असावं, असं पुष्कळ जण सांगतात. येमेनी शॅमेलिऑनवर वेगवेगळ्या तापमानांत प्रयोग करून पाहिले तेव्हा तसं आढळलं नाही. तिथे लिंग माणसासारखंच गुणसूत्रांवर ठरतं.

फुटण्याचा दिवस

वेळ भरली की अंड्यावर घामासारखे थेंब येतात आणि ते थोडं सैल पडतं. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाशी एक इवला दात असतो, याच कामासाठी आलेला आणि नंतर गळून पडणारा. त्याने ते कवच चिरतं, नाक बाहेर काढतं आणि बराच वेळ तसंच पडून राहतं. उरलेला बलक पोटात ओढून घेण्याचा हा वेळ. मग अंधारात, बंद मातीतून वर यायचं. भावंडं साधारण एकाच वेळी फुटतात. एकाने सोडवलेली माती दुसऱ्याला उपयोगी पडते.

वर आलेलं पिल्लू दोन-अडीच इंचांचं, पण पूर्ण शॅमेलिऑन. डोळे वेगवेगळे फिरतात, पायाचे चिमटे गवताच्या काडीला घट्ट बसतात, शेपूट वेटोळं घालते, आणि जीभ फेकायला कुणी शिकवावं लागत नाही. पहिलं काम उंच चढणं. मुंग्या, घोरपड, मुंगूस, कोंबड्या, सगळे खालीच असतात. दुसरं काम भावंडांपासून लांब जाणं, कारण याच्या आयुष्यात शेजार हा प्रकार नाही.

सगळ्या शॅमेलिऑनांना मातीत उतरावं लागतं असंही नाही. केनियातल्या थंड डोंगरांवरचा जॅक्सनचा शॅमेलिऑन, ज्याच्या नराला तोंडावर तीन शिंगं असतात, तो पिल्लं देतो. मादी पाच-सहा महिने अंडी पोटातच वाढवते आणि मग फांदीवरच एकेक पिल्लू पातळ, चिकट पिशवीत बाहेर टाकते. पिशवी पानाला चिकटते, पिल्लू आतून धडपडून ती फाडतं आणि चालू लागतं. दक्षिण आफ्रिकेतले बुटके शॅमेलिऑनही पिल्लंच देतात. डोंगरावर माती थंड असते, तिच्यात अंडं तापणार नाही. आई मात्र उन्हात सरकून बसू शकते, म्हणजे तीच चालतीफिरती उबवणी होते. आपल्या घोयऱ्याला उष्ण, ओली-सुकी माती मिळाली, त्यामुळे त्याने मातीवर भरवसा ठेवला.

तो भरवसा आता कितपत टिकेल, याची मला काळजी वाटते. झाडं तोडू नका हे आपण बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण शेताच्या बांधावर जेसीबी फिरतो, वाडीची वाट काँक्रीटची होते, परसातल्या पाचोळ्याला आग लागते, आणि या सगळ्यात घोयऱ्याचं झाड शाबूत असलं तरी पुढच्या वर्षीचा घोयरा गेलेला असतो. ऑक्टोबरात गाडीखाली चिरडलेली मादी एकटी मरत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. भातकापणीच्या दिवसांत रस्त्यावर घोयरा दिसला तर गाडी थांबवा आणि त्याला जाऊ द्या. फार रहदारी असेल तर एक काठी त्याच्या पायांपुढे धरा. तो तिच्यावर चढेल, मग ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूला सोडा. उलट्या दिशेला सोडलंत तर तो पुन्हा रस्त्यावर येईल. त्याला विष नाही. हातात धरला तर फिस्कारेल, काळा पडेल, जबडा उघडेल, क्वचित चावेल, एवढंच. मादी खणताना दिसली तर लांबून बघा. जवळ गेलात तर ती बीळ अर्धवट सोडून जाईल आणि दुसरं खणायची ताकद तिच्यात उरली असेलच असं नाही.

आणि उन्हाळ्यात आळी करताना किंवा बांध घालताना कुदळीखाली पांढऱ्या, मऊ, लांबट अंड्यांचा पुंजका आला तर तो सापाचा समजून फेकू नका. अंडी हलवावी लागणार नसतील तर तीच माती परत हलक्या हाताने ओढून झाका आणि आळं दोन हात पलीकडे करा. काम थांबवता येण्यासारखं नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ते येईपर्यंत अंड्यांची वरची बाजू वरच राहू द्या, हवं तर पेन्सिलीने त्यावर बारीक खूण करा. आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला धरून वाढत असतो, आणि अंडं उलटलं तर तो गुदमरू शकतो.